दशरथबुवांना बक्षीस

भजनाच्या डबलबारीच्या दिवशी नीलम परब सकाळी आधी दूध तापवायची आणि मग नवरा. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करता येतो. नवऱ्याचं तसं नव्हतं. तो उतू गेल्याशिवाय काम झालं असं तिला धरताच यायचं नाही.

त्या दिवशी माघी गणपतीची बारी होती, काशीगावात. रात्री भोंगे बंद करायचा नियम आल्यापासून डबलबाऱ्या दुपारीच उभ्या राहू लागल्या होत्या, म्हणजे चारला पेटीवर बोट ठेवायचं. शशिकांत पहाटेपासून संडासाच्या वाऱ्या करत होता. तोंडाला कोरड, हात बर्फासारखे, आणि नजर अशी की घरात कुणी गेलंय की काय असं वाटावं.

"चहा गार झालाय," तो म्हणाला.

"मग करून घ्या गरम. हात आहेत ना? की ते पण आज सुट्टीवर?"

"आज नको हां, नीलम. आज खरंच नको."

"का? आज काय विशेष आहे? पेटी बडवायची, ती तर तुम्ही रोजच बडवता. बिल्डिंगमधले लोक माझ्याकडे बघून हसतात. नाचता येईना अंगण वाकडं, आणि तुमचं तर अंगणही मीच झाडायचं."

शशिकांत नुसता कप फिरवत बसला. नीलमने ओळखलं, आज वरवरच्या बोलण्याने भागायचं नाही. तिच्याकडे एक गोष्ट होती, वर्षभर जपून ठेवलेली, पावसाळ्यासाठी कोरडं सरपण ठेवावं तशी. ती तिने आता काढली.

"तो कुळकर्णी तुमच्या हाताखाली शिकला," ती म्हणाली. "आज तुमच्या डोक्यावर साहेब होऊन बसलाय. का? तर मीटिंगमध्ये उभं राहून चार वाक्यं बोलायची होती आणि तुमची दातखीळ बसली. सगळ्या ऑफिससमोर. मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? मला त्याच्या बायकोने सांगितलं. हसत हसत सांगितलं."

कप खाली आदळला. शशिकांत उठला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जाताना नीलमला अक्षरशः दिसायची: आधी मान, मग कान, मग कपाळ.

"तोंड आवर तुझं! आवर म्हणतोय ना! तुझ्या माहेरच्यांनी कधी स्टेजची पायरी तरी चढलीय का? बोलायला लाज वाटत नाही?"

"मला कशाची लाज? लाज वाटण्यासारखं मी काय केलंय, तुमच्याशी लग्न सोडून?"

त्याने स्टूल लाथाडलं. भिंतीपलीकडून हंसाबेनच्या टीव्हीचा आवाज बारीक झाला, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं म्हणून. भायंदरला केबिन रोडच्या मागच्या त्या बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारी वाटाणे सोलले तरी कळायचं. नीलम स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने एक मोठा श्वास सोडला. लागला. हा राग दुपारपर्यंत पुरेल.

कॉलेजला जाणारी रसिका कानातले हेडफोन काढत बाहेर आली. "झालं का तुमचं? मी जाऊ?" आणि दारात सँडल चढवता चढवता, "आई, खरंच सांगतेय, तुम्ही दोघं एकदाचे वेगळे व्हा. माझ्या मैत्रिणी विचारतात."

नीलमने लाथाडलेलं स्टूल उचलून जागेवर ठेवलं. पोरीला काय उत्तर देणार? आई बाबांना औषध देते असं सांगणार? आणि सांगितलं तर ते बाबांच्या कानावर जाणार, आणि त्यांच्या कानावर गेलं की औषध संपलं.

शशिकांत वाईट गायक नव्हता. उलट परळच्या चाळीत असल्यापासून त्याचा आवाज सगळ्यांना माहीत होता, नीलमने लग्नाला हो म्हटलं तेही त्या आवाजाकडे बघून. पण माणसं समोर आली की त्या आवाजाला कुणी बूच मारल्यासारखं व्हायचं. सगळं करून झालं होतं. ज्येष्ठमध झालं, मारुतीला तेल झालं. ऑफिसच्या योग शिबिरातल्या बाईंनी दीर्घ श्वास शिकवले, तर ते मोजण्यात तो पहिला अभंगच विसरला. कुणी म्हणालं, समोर माणसं नाहीत, कोबीचे गड्डे आहेत असं समजा. कोबीलाही तो घाबरला. डॉक्टरने गोळी दिली, त्या दिवशी भीती गेली आणि तिच्याबरोबर तालही गेला.

मग सात-आठ वर्षांपूर्वी सोसायटीच्या गणपतीत तो आत कडी लावून बसला. बाहेर मंडळ खोळंबलेलं, नीलमच्या माहेरची माणसं आलेली. आधी तिने समजावलं, मग विनवलं, आणि शेवटी दारावर थाप मारून जे तोंडाला येईल ते बोलली. शशिकांत लालबुंद होऊन बाहेर आला, तिच्याकडे न बघता पेटीवर बसला आणि असा गायला की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पखवाज वाजवणाऱ्या विठूने तेवढ्यात हिशेब मांडला. पुढच्या कार्यक्रमाच्या सकाळी त्याचा फोन आला. "वहिनी, आज जरा भांडा ना बुवांशी."

तेव्हा ती हसली होती. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग यायचा.

कारण रागाला रोज नवं सरपण लागतं. एकदा वापरलेला टोमणा दुसऱ्यांदा पेटत नाही. भाजी आणायला विसरण्यापासून सुरुवात झाली, मग पोटावर आली, मग सासूवर, मग वारलेल्या सासऱ्यांवर. दर वेळी थोडं खोल खणायचं. शशिकांतचं बरं होतं. तो गाऊन आला की भूक लागल्यासारखा जेवायचा, घोरायचा आणि सकाळी सगळं विसरलेला असायचा. बोललेलं विसरत नव्हती ती नीलम. बिल्डिंगमध्ये तिचं नाव कजाग म्हणून पडलं. कामवाल्या सरूबाईने एकदा स्पष्टच विचारलं, "ताई, एवढ्या साध्या माणसाला कशाला छळता हो?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

आणि तो राग फक्त समोरच्यांवरच उडेल याची काय खात्री? गेल्या दिवाळीआधी एका बारीत तो विठूवरच उडाला. भर माइकवर शशिकांत म्हणाला, "अरे पखवाज आहे तो, पोळपाट नाही." लोक हसले. विठू खाली मान घालून बारी संपेपर्यंत वाजवत राहिला, आणि दुसऱ्या आठवड्यात दशरथबुवांच्या मंडळात जाऊन बसला.

दशरथबुवा काशीगावचा. शशिकांतला तो पाण्यात पाहायचा आणि शशिकांत त्याला. दोघं एका गुरूकडे शिकले, एकाच पंगतीत जेवले, आणि गुरू गेल्यावर गुरूची पेटी कुणाची यावरून जे फाटलं ते फाटलंच. पेटी दशरथने नेली. तेव्हापासून दोघं बोलायचे ते फक्त डबलबारीत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. एका स्टेजवर दोन मंडळं, दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, मागे झांजा आणि कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. आधी देवाचं नाव, अभंग, गौळण, आणि शेवटी गजर. गजरात देव नावाला आणि समोरचा बुवा निशाण्याला. त्याचं पोट, टक्कल, गाव, गुरू, काहीही चालतं. तालात बसलं पाहिजे आणि शेवटी पांडुरंग आला पाहिजे. मध्येच कुणीतरी उठून आवडत्या बुवाला बक्षीस देतो, आणि आयोजकांचा माणूस देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतो. नोट दहाची असली तरी नाव साऱ्या मैदानाला ऐकू जातं. लोक सांगतात भजनाला जातो, पण जातात भांडणाला.

यंदाचं भांडण शेवटचं ठरणार अशी लक्षणं होती. विठू गेल्यापासून शशिकांतच्या दोन बाऱ्या पडल्या होत्या. झांज वाजवणाऱ्या रामनाथने नीलमला आडपडदा न ठेवता फोनवर सांगितलं, "वहिनी, काशीगावात बुवा पडले तर आम्ही सगळे दशरथबुवांकडे जाणार. पोरांनी ठरवलंय. आता तुमच्यावर आहे." जसं काही गाणार तीच होती.

मंडळ नसेल तर बुवा कसला? मग उरतो तो कुळकर्ण्याच्या हाताखालचा एक क्लार्क, घरात पंख्याकडे बघत बसणारा. त्या माणसाबरोबर पुढची वीस वर्षं काढायची म्हणजे काय, हे नीलमला चांगलं कळत होतं.

काशीगावच्या मैदानात मांडव भरला होता. पुढे बायका सतरंजीवर, मागे पुरुष खुर्च्यांवर, कडेला वडापावची गाडी. नीलम बायकांत तिसऱ्या रांगेत बसली. रिक्षातून उतरला तेव्हाही शशिकांतचे कान लाल होते. छान, तिने मनात म्हटलं. असेच राहू देत.

पहिली बारी दशरथबुवाची. तो पेटीवर बसला, गुरूच्या त्याच पेटीवर, आणि त्याने अभंग उचलला. नीलम आली होती ती त्याच्या चुका काढायला. पण हा माणूस गात होता, आणि कुणाच्या नाकावर टिच्चून गात नव्हता. डोळे मिटलेले, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. सूर वर जाताना ओढून नेल्यासारखा वाटत नव्हता. शशिकांतचा रागातला सूर म्हणजे तलवार. ऐकणाऱ्याचे हात शिवशिवतात. हा सूर ऐकताना नीलमला एकाएकी परळच्या चाळीतली गॅलरी आठवली, जिथे शशिकांत कुणी नसताना, संध्याकाळी, असाच गायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्याला आलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मग गजराची वेळ झाली. मैदान सरसावून बसलं. शशिकांतही मांडी बदलून बसला, येऊ दे म्हणून.

दशरथबुवाने पेटीचा भाता थांबवला. हात जोडले.

"रसिकहो," तो म्हणाला, "आज मी शशिकांतबुवांना एकही वाकडा शब्द बोलणार नाही. ते माझे गुरुबंधू. माझ्यापेक्षा वयाने मोठे, मानाने मोठे, गळ्याने तर मोठेच मोठे."

लोकांना गंमत वाटली. हा काहीतरी डाव आहे, आता उलटवणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले.

"तुम्ही म्हणाल, दशरथ आज एवढा गोड का? तर मला एक गोष्ट कळलीय. आमच्या बुवांना राग आल्याशिवाय गळा उघडत नाही. भीती वाटते हो त्यांना, तुम्हा सगळ्यांची. लहान लेकराला अंधाराची वाटावी तशी. म्हणून आमच्या वहिनी, त्या बघा बसल्यात तिथं, बारीच्या दिवशी सकाळी त्यांच्याशी भांडतात. मुद्दाम हां! मनातून नाही. सात-आठ वर्षं झाली, बिचारी माउली दर वेळी नवीन भांडण शोधते. आणि राहिलेलं मी इथं पुरं करतो. पण आज म्हटलं, नको. आज बुवांना प्रेमाने ऐकू. एकदा जोरात टाळ्या, वहिनींसाठी!"

टाळ्या पडल्या. शंभर डोकी वळली. विठू दशरथबुवाच्या बाजूला पखवाजावर हात ठेवून बसला होता, आणि त्याची नजर मात्र नीलमकडे येत नव्हती.

शशिकांतची आली. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात सगळ्यांसमोर कुणी धोतर ओढलेल्या माणसासारखा तो बघत होता. सकाळचं कुळकर्ण्याचं, सासऱ्यांचं, सगळ्या वर्षांचं एकेक आठवून तो आता त्यावर "मुद्दाम" असा शिक्का मारत होता, आणि शिक्का बसला की ते थंड पडत होतं. कानांचा लालपणा उतरत गेला. मग कान पांढरे झाले.

दशरथबुवा उठला, शाल आणि नारळ घेऊन समोर गेला, शाल पांघरली आणि चक्क पाया पडला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, पण मांडवातल्या म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. "काय संस्कार आहेत बघा," नीलमच्या बाजूची म्हणाली.

शशिकांतची बारी सुरू झाली.

पहिला सूरच थरथरला. त्याने तो सोडून दिला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. बोटं पेटीवर कुठंतरी भलतीकडेच पडली. तो थांबून म्हणाला, "माइकवाले, जरा आवाज बघा." माइक बरा होता. तो पाणी प्यायला. शालीच्या टोकाने कपाळ पुसलं, आणि ती शाल दशरथची आहे हे लक्षात येऊन हात तिथेच अडला. कोरसने सावरायला म्हणून ओळ उचलली, तर ती ओळ याच्या तोंडी येईना. मागच्या खुर्च्यांत कुणीतरी शीळ घातली. "अरे, वहिनींना बोलवा, भांडायला!" आणि पुरुषांत हशा पिकला.

रामनाथने झांज मांडीवर ठेवली. बसलेला माणूस उठायच्या आधी जशी वस्तू ठेवतो तशी.

आता काय करणार? नीलम उठून ओरडली असती तर लोक हसले असते आणि शशिकांतही तिच्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला असता. आता तिच्या कुठल्याच शिवीला किंमत नव्हती. आईने बागुलबुवा म्हणून दाखवलेला पंचा पोराला एकदा कळला की पुढे कितीही हलवा. त्याला लागेल असं काहीतरी हवं होतं, आणि ते खोटं आहे असं त्याला म्हणता येणार नाही असं.

ती उठली. बायकांच्या मांड्यांमधून, पायांवरून, "अगो बाई, कुठे?" ऐकत ती पुढे गेली. शशिकांतला वाटलं ती त्याच्याकडेच येतेय; त्याने हातही थोडा पुढे केला. नीलम त्याच्यासमोरून सरळ पलीकडे गेली, दशरथबुवाच्या बाजूला. पर्समधली नोट काढली, दशरथबुवाच्या पेटीवर ठेवली आणि आयोजकांच्या माणसाला आपलं नाव सांगितलं.

त्या माणसाने तिच्याकडे दोनदा बघितलं. "बाई, बारी ह्यांची चाललीय. आणि तुम्ही तर ह्यांच्याच..."

"नाव पुकारा," नीलम म्हणाली.

"सौभाग्यवती नीलम शशिकांत परब," भोंग्यातून सगळ्या काशीगावाला ऐकू गेलं, "यांच्याकडून दशरथबुवांना, त्यांच्या अभंगासाठी, बक्षीस."

मैदान असं चिडीचूप झालं की वडापावच्या गाडीवरची कढई ऐकू आली. नवऱ्याची बारी चालू असताना बायकोने समोरच्या बुवाला बक्षीस दिलं, हे डबलबारीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. दशरथबुवाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे गोंधळले. त्याच्या साखरेत हा खडा त्याने घातलेला नव्हता.

नीलम परत येताना शशिकांतसमोर थांबली. खालून, माइकच्या बाहेर, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "रडायला आलं मला त्यांच्या अभंगाला. तुमच्या कुठल्या अभंगाला शेवटचं आलं होतं, आठवतंय तुम्हाला? मला तर नाही आठवत."

तिने त्याच्या कानांकडे पाहिलंच नाही. तिला आज बघवलं नसतं.

ती सतरंजीवर पोचायच्या आत शाल स्टेजवरून खाली पडली होती आणि सूर उभा राहिला होता. असा सूर, की शीळ घालणारे खुर्चीत ताठ झाले. त्या दुपारी शशिकांत परब जे गायला त्याची काशीगावात अजून आठवण काढतात म्हणे. अभंग त्याने असा मारला की नवा पखवाजवाला मागे धावत राहिला. गौळण त्याने देवाच्या तोंडावर फेकल्यासारखी म्हटली. रामनाथची झांज मांडीवरून कधी हातात आली ते रामनाथलाही कळलं नाही. आणि मग गजर. सगळ्यांना वाटलं आता दशरथबुवाची चामडी लोळवणार. पण शशिकांतने दशरथकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो वळून बायकांच्या तिसऱ्या रांगेकडे बघून गायला लागला, आणि ओळ त्याला जागच्या जागी सुचत गेली:

"मीठ खाते घरचं माझ्या, गोडी सांगते त्याची,
पांडुरंगा, नीट बघून घे, हीच बायको माझी!"

कोरसने ती उचलली, मग झांजांनी, मग मैदानाने. टाळ्यांच्या तालावर पाचशे माणसं नीलम परबला सांगत होती की हीच, हीच, हीच बायको माझी. बाजूच्या बाईने आपली सतरंजी जराशी सरकवून घेतली. एक पोरगी मागे वळून बोट दाखवत हसली. पुढच्या ओळी आणखी वाईट होत्या. त्यात माहेर आलं, रंग आला, दर वेळी सकाळचा चहा आला. नीलम हात मांडीत घेऊन ऐकत बसली. तिला फार लागत होतं, आणि आवाज फार सुंदर होता, आणि ह्या दोन्हीपैकी एकही गोष्ट कमी होत नव्हती.

संपलं तेव्हा लोकांनी शशिकांतला उचललं. रामनाथ येऊन नीलमच्या कानाशी म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला! काय डोकं चालवलंत! आता आम्ही बुवांना सोडून कुठ्ठे जात नाही." त्याच्या तोंडाला पानाचा वास येत होता. नीलमला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

विठू मांडवाच्या दारात उभा होता. "वहिनी, मी बुवांचं वाईट व्हावं म्हणून नव्हतं सांगितलं," तो पुटपुटला.

"मग कुणाचं व्हावं म्हणून सांगितलंस?" ती म्हणाली आणि पुढे गेली.

परतीच्या रिक्षात पेटी दोघांच्या मध्ये होती. हायवे ओलांडून रिक्षा भायंदरकडे वळली तरी शशिकांत बाहेरच बघत होता. घरी रसिका जेवून टीव्ही बघत होती. आईबाबांची तोंडं बघून ती टीव्ही बंद करून आत गेली.

शशिकांतने पेटी खाली ठेवली. तिच्यावर नेहमीचं कापड घातलं, चारी टोकं नीट केली. मग तसाच उभा राहून, मागे न वळता त्याने विचारलं, "ते मुद्दाम होतं, की खरं?"

आवाजात राग नव्हता. तो खरोखर विचारत होता. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला काहीतरी विचारलं होतं.

नीलमला दिसत होतं की मुद्दाम म्हटलं तर हा माणूस आता वळेल, कदाचित हसेल, कदाचित तिचा हातही धरेल, म्हणेल की किती गं सोसलंस. दोघं जेवतील. हंसाबेनच्या टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा होईल. आणि पुढच्या बारीला तो पेटीवर बसेल तेव्हा जगातली कुठलीच शिवी त्याला लागणार नाही, कारण बायको काय करते ते त्याला कळलेलं असेल. त्यानंतर बारी नाही, मंडळ नाही. नुसता पंखा.

ती अडचण तिने "खरं" असं खोटंच सांगून सोडवली असती. खोटं बोलायची तिला सवय होती. पण दशरथबुवाचा तो मिटल्या डोळ्यांचा अभंग अजून तिच्या कानात होता, आणि तिचं रडणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं ती खोटंच बोलत आली असं तिने स्वतःला सांगितलं होतं. कुळकर्ण्याचं खोटं होतं का? दातखीळ बसली नव्हती का? त्याची तिला लाज वाटली नव्हती का?

"खरं," ती म्हणाली. "दशरथबुवा तुमच्यापेक्षा चांगले गातात."

शशिकांतने मान हलवली. हिशेब बरोबर आला की तो ऑफिसातही अशीच मान हलवत असेल. "बरं," तो म्हणाला.

त्याने कपाटातून आपली चादर काढली, उशी काढली, पेटी पुन्हा उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेली. जेवायला आला नाही.

सकाळी नीलमने सवयीने दोघांचा चहा टाकला. या वेळी तो काही विसरला नव्हता; त्याने आपला वेगळा करून घेतला, तिच्या बाजूलाच उभं राहून, तिला धक्का लागू न देता. कप घेऊन तो बाहेर गेला. थोड्या वेळाने दारापलीकडून पेटीचा भाता हलला आणि षड्ज आला. सरळ, भक्कम, जराही न थरथरता. ना बारी होती, ना समोर माणसं, ना सकाळचं भांडण. नीलमने गॅस बारीक केला आणि पोळ्यांची कणीक पुढे ओढली.